पथक कोणाचे, हुकूम कोणाचा?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्याच्या २२ तारखेस, पहाटेच्या सुमारास, इराकी कुर्दिस्तानातील सुलेमानिया शहरात लालेझार नावाच्या हॉटेलास सशस्त्र दलांनी वेढा घातला. काही तास गोळीबार चालला, माणसे मेली आणि अखेर लाहूर शेख जंगी हे तेथील एक वजनदार पुढारी व त्यांचे बंधू पोलाद हे दोघेही पकडले गेले. न्यायालयाचे वॉरंट होते, असे सरकारी बाजूने सांगण्यात आले. राजकीय सूड उगवला, असे दुसऱ्या बाजूने म्हटले गेले. अशांत मुलखांतून अशा बातम्या रोजच येत असतात आणि आपण त्या वाचून पान उलटतो. परंतु या बातमीत थांबून विचार करावा असे एक विलक्षण सत्य दडलेले होते. कुर्दांचे जे दहशतवादविरोधी पथक गेली दोन दशके जगभर वाखाणले गेले, ते उभारणाऱ्यांत लाहूर हे प्रमुख होते आणि पोलाद यांनी त्याचे नेतृत्व केले होते. ज्या शहरात आणि ज्या पक्षाच्या छत्राखाली या भावांनी ते हत्यार घडविले, त्याच शहरात, त्याच पक्षाच्या ताब्यातील दलांनी त्यांना वेढले.

नांदेडच्या किंवा लातूरच्या वाचकाने याची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. सुलेमानिया कोठे आणि आपला मांजरा-गोदावरीचा मुलूख कोठे! तरीही दखल घ्यावी, असे मला वाटते. एक तर पक्षाच्या हाती शस्त्र गेले म्हणजे काय होते, हे उभ्या महाराष्ट्रात मराठवाड्याइतके दुसऱ्या कोणत्याही विभागाने भोगलेले नाही. दुसरे असे की, आपल्या राज्यानेही २००८ च्या नोव्हेंबरनंतर एक खास कमांडो दल उभारले आणि त्या घटनाक्रमात लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतील माणसे अगदी मध्यभागी होती. म्हणून कुर्दांच्या पथकाची हकीकत ही केवळ परदेशची वार्ता राहत नाही. ती आपल्यापुढे धरलेला आरसा ठरते.

संकटातून जन्मलेले पथक

कुर्द हा तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागला गेलेला, सुमारे तीन कोटींचा, पण स्वतःचे राज्य नसलेला समाज आहे. सद्दाम हुसेनच्या राजवटीत इराकमधील कुर्दांचे जे हाल झाले, त्याची आठवण म्हणून हलबजा या एका गावाचे नाव पुरेसे आहे. १६ मार्च १९८८ रोजी त्या गावावर विषारी वायू सोडण्यात आला आणि सुमारे पाच हजार माणसे तडफडून मेली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उत्तर इराकमध्ये कुर्दांना स्वतःचा कारभार पाहण्याची संधी मिळाली. १९९२ साली निवडणुकाही झाल्या. मात्र दोन मोठ्या पक्षांचे, म्हणजे बारझानी घराण्याच्या कुर्दिस्तान लोकशाही पक्षाचे आणि जलाल तालबानी यांच्या देशभक्त संघाचे, जमले नाही. १९९४ ते १९९८ या काळात हे दोन पक्ष एकमेकांशी लढले. त्या यादवीतून मुलुखाचे दोन भाग पडले. अर्बिल व दोहुक बारझानींकडे, सुलेमानिया तालबानींकडे. प्रत्येकाचे सैन्य वेगळे, हेरखाते वेगळे आणि तुरुंगही वेगळे.

अशा परिस्थितीत २००१ साली हलबजाच्या मागच्या डोंगरात, इराणच्या सरहद्दीलगत, अन्सार-अल-इस्लाम नावाच्या अतिरेकी संघटनेने ठाण मांडले. बियारा आणि भोवतालच्या खेड्यांत तिने आपला अंमल बसविला. २००२ च्या एप्रिलमध्ये सुलेमानियातील राज्यकारभाराचे प्रमुख बरहम सालिह यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. ते वाचले, पण त्यांचे पाच रक्षक ठार झाले. हेच बरहम सालिह पुढे इराकचे राष्ट्राध्यक्ष झाले. नेहमीची पेशमर्गा फौज डोंगरातल्या लढाईत तरबेज होती. परंतु रात्रीच्या अंधारात एका घराला वेढा घालून, शेजारच्या घरातील मुलाबाळांना धक्का न लावता, हवा तो माणूस जिवंत पकडणे हे तिचे काम नव्हते. या गरजेतून २००२ मध्ये, अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या मदतीने, तालबानींच्या पक्षाने दहशतवादविरोधी पथक उभे केले. पुढील वर्षी, २००३ च्या मार्चअखेरीस, अमेरिकी खास दले आणि पेशमर्गा यांनी मिळून अन्सारचा तो डोंगरी तळ उद्ध्वस्त केला. त्यानंतरही दोन दशके ज्या मुलखाभोवती आधी अल-कायदा आणि नंतर इस्लामिक स्टेट यांनी थैमान घातले, त्या मुलखातील मोठी शहरे बरीचशी सुरक्षित राहिली. याचे श्रेय नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. २०१५ च्या ऑक्टोबरात हवीजाजवळच्या एका तुरुंगावर कुर्दी आणि अमेरिकी कमांडोंनी मिळून छापा घातला आणि सुमारे सत्तर कैद्यांना इस्लामिक स्टेटच्या तावडीतून सोडविले, ही घटना सर्वश्रुत आहे.

बंदुकीपेक्षा कान मोठे

परंतु अशा यशाचे मर्म नेमके कशात होते? काळा पोशाख, रात्रीची दुर्बीण, हेलिकॉप्टर यांत नव्हे. २००४ च्या जानेवारीत कुर्दी दलांनी हसन गुल नावाचा अल-कायदाचा एक महत्त्वाचा दूत पकडला. ओसामा बिन लादेनचा विश्वासू निरोप्या कोण, याविषयी अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या कैद्यांकडून जी माहिती मिळाली, तीत सर्वांत अचूक माहिती या गुलची होती आणि ती त्याने छळाचे प्रकार सुरू होण्यापूर्वी दिली होती, असा निष्कर्ष अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नोंदविला आहे. याच निरोप्याच्या मागावर जाऊन २०११ च्या मे महिन्यात अबटाबादच्या त्या घरापर्यंत पोहोचता आले.

हा प्रसंग आपल्याकडील पोलीस कोठडीच्या पुरस्कर्त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. दहशतवादाचा बीमोड म्हणजे दांडगाई, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. चित्रपटांनी ती अधिकच पक्की केली. वस्तुतः स्थानिक भाषा जाणणारा, गल्लीतला अनोळखी चेहरा ओळखणारा, माणसाला बोलते करणारा शिपाई हाच अशा पथकाचा कणा असतो. कुर्दी पथकातले जवान त्याच मातीतले होते. कोणत्या खेड्यात कोणाचे सोयरे आहेत, कोणत्या रस्त्याने सरहद्द ओलांडतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. परक्या देशाचे महागडे तंत्र आणि घरच्या माणसाचे ज्ञान यांचा मेळ बसला, म्हणून यश आले.

आपल्या राज्यातही या तत्त्वाचा पडताळा आलेला आहे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा मुकाबला करण्यासाठी १९९० साली सी-साठ हे पथक स्थापन झाले, तेव्हा त्यात त्याच जिल्ह्यातील साठ तरुण निवडण्यात आले. गोंडी, माडिया बोलणारे, जंगलाच्या वाटा लहानपणापासून तुडविलेले. बाहेरून आलेल्या मोठ्या तुकड्यांना जे जमत नव्हते, ते या मुलांना जमले. त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमतही लहान नाही. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक धारातीर्थी पडले. २०२५ च्या ऑक्टोबरात मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, त्यामागे या पथकाची पस्तीस वर्षांची चिकाटी होती. तसेच शाळा, रस्ते, दवाखाने आणि शरणागतांचे पुनर्वसनही होते. काही चकमकींविषयी नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी प्रश्न उपस्थित केले, हेही येथेच नमूद केले पाहिजे. ते प्रश्न विचारले जाऊ शकले, न्यायालयाचे दार ठोठावता आले, हाच आपला आणि सुलेमानियाचा फरक आहे. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे.

पक्षाची तलवार

कुर्दी पथकाच्या पराक्रमाची दुसरी बाजू अशी की, ते पथक राज्याचे नव्हते. ते एका पक्षाचे होते. पक्षही घराण्याचा. अर्बिलच्या बाजूने दुसऱ्या पक्षाने आपले निराळे दहशतवादविरोधी खाते उभे केले. एकाच छोट्या मुलखात दोन सरदार आणि दोन तलवारी. पेशमर्गा फौजांना एकाच मंत्रालयाखाली आणण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे चालले आहेत. त्यासाठी परदेशांनी पैसा दिला, सल्लागार दिले, करार केले. तरी मूळ दुखणे पूर्ण बरे झालेले नाही.

जोवर समोर अन्सार होता, इस्लामिक स्टेट होती, तोवर हे व्यंग झाकले गेले. संकट ओसरू लागले तसे ते उघडे पडले. जलाल तालबानी २०१७ साली निवर्तले. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांचे पुत्र बाफेल आणि पुतणे लाहूर हे दोघे पक्षाचे सहअध्यक्ष झाले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, याचा प्रत्यय दीड वर्षातच आला. २०२१ च्या जुलैमध्ये लाहूर यांना बाजूस सारण्यात आले आणि पहिला प्रश्न जो निर्माण झाला तो असा की, दहशतवादविरोधी पथक कोणाच्या हुकमतीत राहणार! पक्षाचा कार्यक्रम काय, शेतकऱ्याला पाणी कसे मिळणार, शिक्षकांचे थकलेले पगार केव्हा होणार, हे प्रश्न मागे पडले. कुर्दिस्तानातील शिक्षक आणि कारकून पगारासाठी वारंवार रस्त्यावर उतरत आहेत, हे या लेखाच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. पथकाचा प्रमुख बदलला, निष्ठा बदलल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात अर्बिल शहरात त्या पथकाचा एक माजी अधिकारी मोटारीतील स्फोटात मारला गेला. अर्बिलच्या सुरक्षा परिषदेने ठपका सुलेमानियाच्या पथकावर ठेवला. सुलेमानियाने तो साफ नाकारला. खरे कोण, याचा निवाडा दोघांनाही मान्य होईल असे न्यायपीठच तेथे नाही. ज्या पथकावर दहशतवाद्यांना शोधण्याची जबाबदारी, त्याच्याचवर बॉम्ब ठेवल्याचा आरोप व्हावा आणि तो खरा की खोटा हे ठरविता येऊ नये, याहून मोठी शोकांतिका कोणती? आणि मग आला तो २०२५ चा ऑगस्ट.

लातूरचा वकील

हे वाचताना मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला आपल्या अंगणातली एक कथा आठवल्यावाचून राहणार नाही. इत्तेहाद-उल-मुसलमीन ही संघटना १९२७ साली हैदराबादेत निघाली, तेव्हा तिचे स्वरूप मुख्यतः सांस्कृतिक व धार्मिक होते. १९४६ साली तिची सूत्रे कासीम रझवी यांच्याकडे आली. हे गृहस्थ लातूरला वकिली करीत. कायद्याचे पदवीधर, न्यायालयात उभे राहून कलमे सांगणारे! याच कायदेपंडिताने रझाकार नावाचे सशस्त्र स्वयंसेवक दल वाढविले. हे दल निजामाच्या सैन्याचा भाग नव्हते आणि पोलिसांचाही नव्हते. ते एका पक्षाचे होते आणि त्याला हुकूम एका माणसाचा होता. निजामाच्या सरकारने प्रारंभी त्याकडे कानाडोळा केला, कारण ते आपल्या उपयोगी पडेल असे त्याला वाटले. पुढे ते दलच सरकारला दटावू लागले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या भर रस्त्यात शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचा खून झाला. तो मुसलमान होता. त्याचा गुन्हा इतकाच की, संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे त्याने लिहिले. गावोगाव काय घडले, ते नांदेड, लातूर, उमरगा, उदगीर या भागांतल्या घराघरांत सांगितले जाते. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो आणि तो केलाच पाहिजे. पण प्रामाणिक इतिहास अर्ध्यावर थांबत नाही. त्यानंतरच्या दिवसांत सूडाची जी लाट उसळली, तीत रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेली असंख्य मुसलमान कुटुंबे भरडली गेली. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित म्हणून नोंदविले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ते वेगळा जिल्हा १९८२ साली झाले. समितीचा तो अहवाल अनेक दशके सामान्य वाचकाच्या दृष्टीआड राहिला. या दोन्ही आठवणी एकत्र ठेवल्या की जो धडा निघतो तो कोणत्याही एका धर्माविरुद्धचा नाही. धडा एवढाच की, ज्या शस्त्राचा हिशेब कोणी विचारू शकत नाही, ते आज शेजाऱ्यावर चालते आणि उद्या आपल्यावर.

रझवी यांच्यावर पुढे रीतसर खटला चालला, त्यांना शिक्षा झाली आणि १९५७ साली सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात निघून गेले. ज्या माणसाने कायदा गुंडाळून ठेवला, त्यालाही नव्या राज्याने कायद्यानेच शिक्षा दिली. स्वतंत्र भारताची ही गोष्ट मला रणांगणावरील विजयापेक्षा मोलाची वाटते.

सव्वीस नोव्हेंबरनंतर

आता आपल्या काळाकडे वळू. २००८ च्या २६ नोव्हेंबरला रात्री साडेनऊच्या सुमारास दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला चढविला. २९ तारखेच्या सकाळी तो संपला, तेव्हा १६६ निरपराध माणसे आणि त्यांचे रक्षणकर्ते प्राणास मुकले होते. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल हे १९८४ साली स्थापन झालेले, १९८६ च्या कायद्याने बांधलेले देशाचे खास दल. त्याचा तळ दिल्लीजवळ मानेसरला. ते विमानाने येऊन प्रत्यक्ष कामगिरीवर उतरेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. तोपर्यंत मुंबईचा पोलीस जुन्या बंदुकीने आणि काही ठिकाणी नुसत्या काठीने लढत होता. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर अंगावर गोळ्या झेलून कसाबची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. आणि जिवंत सापडला म्हणूनच कटाचा धागा जगापुढे आला. कसाबवर उघड न्यायालयात खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी झाली.

या घटनेची जबाबदारी स्वीकारून केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर पायउतार झाले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही पद सोडावे लागले. एक चाकूरचे, दुसरे बाभळगावचे. दोघेही लातूर जिल्ह्यातले. त्यानंतर ८ डिसेंबर २००८ रोजी मुख्यमंत्री झालेले अशोक चव्हाण नांदेडचे. त्यांच्याच कारकिर्दीत ‘फोर्स वन’ या राज्याच्या स्वतंत्र कमांडो दलाची उभारणी झाली आणि २००९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे केंद्रही मुंबईत आले. त्या दोन राजीनाम्यांविषयी लातूरकरांना त्या वेळी वाईट वाटले असेल, वाटणे स्वाभाविकही होते. परंतु थोडे अंतर ठेवून पाहिले तर त्यांत लोकशाहीची शोभा आहे. हल्ला रोखता आला नाही म्हणून सत्तेवरील माणसे बंदुकीच्या धाकाने नव्हे, तर लोकांना उत्तर द्यावे लागते म्हणून दूर झाली. नवी माणसे आली, त्यांनी दल उभारले आणि ती माणसे पुढे गेली तरी दल राज्याचेच राहिले. ‘फोर्स वन’ कोणा देशमुखांचे झाले नाही, की चव्हाणांचे झाले नाही. सुलेमानियाला नेमके हेच साधले नाही.

मग आपल्याकडे सर्व आलबेल आहे काय? तसे म्हणणे आत्मवंचना ठरेल. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने जे दोष दाखविले, ते कमांडोंच्या अभावापुरते नव्हते. आलेली गुप्त माहिती खालपर्यंत न पोहोचणे, शस्त्रांची आणि सरावाची हेळसांड, वरिष्ठांच्या हुकमांत एकसूत्रीपणा नसणे, असे ते साध्या कारभारातले दोष होते. खास पथक हे अखेरचे औषध आहे. रोज लागणारी भाकरी म्हणजे पोलीस ठाणे. ठाण्यात माणसे अपुरी, त्यांना बंदोबस्तातून उसंत नाही, राहायला धड घर नाही आणि गस्त कागदावर. अशा स्थितीत मुंबईत कितीही चपळ कमांडो ठेवले तरी ते आग लागल्यावर धावणारे बंब ठरतात. ठिणगी पाहणारा डोळा गावातच असावा लागतो.

तपास हाही तितकाच दुबळा दुवा आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये नांदेडच्या पाटबंधारेनगरात एका घरात स्फोट होऊन दोघे मरण पावले. प्रकरण राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडून केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले, जवळजवळ एकोणीस वर्षे चालले आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने हयात असलेल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले. आरोपी खरोखर निर्दोष असतील, तर त्यांच्या आयुष्याची ही वर्षे कोण भरून देणार? आणि तपास कमी पडला असेल, तर शहराला उत्तर कोण देणार? दोहोंपैकी काहीही खरे असो, एका पिढीइतका काळ लोटूनही नांदेडच्या नागरिकाला त्या दिवशी काय घडले, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. दरवाजा फोडण्याचे कसब पथकाला शिकविता येते. पुरावा जोडण्याचे कसब त्याहून अवघड आहे आणि त्यासाठी कोणी संचलन भरवीत नाही.

पहाटे धावणारी मुले

नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांवर पहाटे फिरावयास जाणाऱ्यांना एक दृश्य नित्याचे झाले आहे. अंधारातच शेकडो तरुण-तरुणी पोलीस भरतीसाठी धावत असतात. कोणी ऊसतोड कामगाराचा मुलगा, कोणी अल्पभूधारकाची मुलगी. खोलीभाडे आणि खानावळ भागवताना आईबापांची दमछाक झालेली. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे आणि बाभळगावला राज्य पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. खाकी कपडे हे या मुलांसमोरचे सर्वांत जवळचे स्वप्न. त्यांच्यातलीच काही उद्या शीघ्र कृती दलात जातील, एखादा ‘फोर्स वन’मध्ये पोहोचेल. प्रश्न या मुलांचा आहे. त्यांना आपण कोणाच्या हाती सोपवीत आहोत? कायद्याच्या, की कोणा बलदंड माणसाच्या?

कुर्दांच्या पथकात भरती झालेली मुलेही अशीच गरीब घरची, आपल्या मुलखावर प्रेम करणारी होती. ती अन्सारशी लढायला गेली होती. आपल्याच शहरातल्या भाऊबंदकीत बंदूक धरावी लागेल, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शिपायाचे शौर्य हे त्याचे स्वतःचे असते, पण त्या शौर्याचा उपयोग कशासाठी होणार, हे त्याच्या हाती नसते. ते राज्यघटनेच्या, विधिमंडळाच्या आणि न्यायालयाच्या हाती असावे लागते.

त्यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे सात आदेश दिले. वरिष्ठांच्या नेमणुकांना निश्चित मुदत, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, हे त्यांतले महत्त्वाचे. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून असे प्राधिकरण राज्य आणि विभाग या दोन्ही पातळ्यांवर योजिले. ते प्राधिकरण खरोखर किती तक्रारी निकाली काढते, त्याचे अहवाल सभागृहापुढे येतात काय, हे आमदारांना विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. खास पथकांचा हुकूम कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कारणासाठी द्यावयाचा, याची लेखी नोंद असली पाहिजे. त्यांचा उपयोग मिरवणुकीच्या बंदोबस्तासाठी किंवा पुढाऱ्याच्या दिमाखासाठी होता कामा नये. आणि एखादी चकमक झाली की टाळ्या वाजविण्यापूर्वी तिची दंडाधिकाऱ्याकडून चौकशी झाली काय, हे विचारण्याची सवय सुशिक्षितांनी लावून घेतली पाहिजे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: असे प्रश्न विचारल्याने जवानांचे मनोधैर्य खचते. हा आक्षेप अनुभवाला धरून नाही. मनोधैर्य खचते ते जुन्या बंदुकीने, न मिळालेल्या सुटीने आणि राजकीय बदलीने. उलट, आपल्या पाठीशी कायदा आहे, आपण कोणा एका साहेबाचे चाकर नाही, ही जाणीव शिपायाला ताठ उभे करते. ओंबळे यांनी त्या रात्री ज्या गुन्हेगाराला जिवंत धरून ठेवले, त्याला जागेवर ठार करणे सोपे होते. तो न्यायालयापुढे उभा राहिला, म्हणूनच त्यांचे बलिदान सार्थकी लागले.

मराठवाड्याने वर्दीची निरनिराळी रूपे पाहिली. पक्षाच्या नावाने गावात शिरणारी बंदूक पाहिली. आणि १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीच्या ढिगाऱ्यांतून उघड्या हातांनी दगड उपसून माणसे बाहेर काढणारे जवानही पाहिले. दोन्हींच्या अंगावर गणवेशच होता. पहिल्याला हिशेब विचारणारे कोणी नव्हते आणि दुसऱ्याला होते, एवढाच काय तो भेद. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला हा भेद मुलांना समजावून सांगावा. पहाटे धावणाऱ्या मुलांना तर तो विशेष करून सांगितला पाहिजे. शत्रू दाराशी आला असताना पथक कोणाचे, हे विचारण्यास सवड नसते; म्हणून ते आजच, शांततेच्या काळात, विचारून ठेवावयाचे असते. सुलेमानियाने ते विचारले नाही. आपण मात्र त्याची किंमत एकदा मोजलेली आहे.